पाकिटातलं पाकीट

जुलैतली दुपार, बर्लिनमधलं एखादं भाड्याचं घर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला टोमॅटो, दुसऱ्या बाजूला मतपत्रिका. परदेशातल्या स्पॅनिश माणसाच्या २०२३ च्या उन्हाळ्याचं चित्र काढायला सांगितलं, तर मी हेच काढीन. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी स्थानिक निवडणुकांत मार खाल्ला आणि दुसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, २३ जुलैची निवडणूक जाहीर केली. ऐन सुट्टीत! स्पेनमधली माणसं समुद्रावर निघालेली, त्यामुळे तिथेच पोस्टानं मत देणारे २४ लाखांच्या वर गेले.

मला मात्र मोह पडतो तो बाहेरच्यांच्या पाकिटांचा. परदेशात कायमचं नाव नोंदवलेल्या मतदाराला स्पेनहून एक गठ्ठा येतो. काँग्रेस म्हणजे कनिष्ठ सभागृह. त्याची मतपत्रिका पांढरी, आणि तिच्यावर काहीही लिहायचं नाही. उत्साहानं एखाद्या नावावर काट मारली, की मत बाद. सिनेटची पत्रिका सेपिया रंगाची आणि इतकी लांबरुंद की लोक तिला चादर म्हणतात. तिच्यावर उलट फुल्या मारायच्याच असतात, बहुतेक प्रांतांत जास्तीत जास्त तीन. दोन पत्रिका, दोन पाकिटं. ती दोन्ही तिसऱ्या पाकिटात जातात. तिथे सोबत मतदार यादीतल्या नोंदणीचा दाखला आणि पासपोर्टची झेरॉक्स हवी. या पाकिटावर प्रांताच्या निवडणूक मंडळाचा पत्ता. पोस्टानं पाठवायचं तर हे सगळं वकिलातीच्या पत्त्याच्या चौथ्या पाकिटात, आणि शिक्का १८ जुलैपर्यंतचा. झेरॉक्स चुकून आतल्या पाकिटात गेली तर घोळच: बाहेर ओळख पटत नाही आणि आत गुप्तता उरत नाही.

आपल्याकडे डिंक संपला की भाताचं शीत बोटानं चिरडून पाकीट चिकटवत. कोपऱ्यात एक शीत जाड राहायचं आणि त्यावर पोस्टाचा शिक्का धड उठायचा नाही. ते इथे कशाला आठवावं? पण पाकीट म्हटलं की मला ते शीतच आठवतं.

गठ्ठा घरी पोचणं हीच खरी परीक्षा. जर्मनीत टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. पोटभाडेकरूंचं नाव पेटीवर बहुतेक वेळा नसतंच, त्यात स्पॅनिश माणसाला आडनावं दोन. अनुभवी मंडळी दोन्ही आडनावं कागदाच्या पट्टीवर लिहून सेलोटेपनं डकवतात. तरीही काही आलं नाही, तर १५ ते २० जुलैदरम्यान वकिलातीत जाऊन पेटीत मत टाकायचं.

आता एवढं तरी सोपं झालंय. २०११ च्या कायद्यानं परदेशस्थांना आधी अर्ज करून मत मागावं लागे. ‘वोतो रोगादो’, विनवणी करून मिळवलेलं मत. अर्ज वेळेत गेला तरी पत्रिका मतदान उलटल्यावर यायची. त्याच वर्षी परदेशस्थांचं मतदान जेमतेम पाच टक्क्यांवर आलं. मंदीत देश सोडलेल्या तरुणांच्या ‘मारेआ ग्रानाते’नं, म्हणजे पासपोर्टच्या रंगाच्या लाटेनं, त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आरडाओरडा केला. ती अट २०२२ मध्ये गेली. आता मतपत्रिका घरच्या प्रिंटरवरही छापता येते. मग चादर ए-फोर होते, ही गंमत वेगळीच.

बर्लिनमधल्या मराठी माणसानं हे हेव्यानं बघावं. भारतीय पासपोर्ट असेल तर २०११ पासून त्याला फॉर्म ६-ए भरून मतदार होता येतं. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन साताऱ्यातल्या नाहीतर सांगलीतल्या आपल्याच केंद्रावर उभं राहायचं. तिकिटाचे पैसे ज्याचे त्यानं बघावेत.

टोमॅटो राहिलेच. गझपाचोला, म्हणजे टोमॅटोच्या थंड सूपला, एक किलो, अगदी पिकलेले. हरितगृहातले पाणचट घेतले तर रंग येतो, चव येत नाही. अर्धी काकडी, एक लांब, तिखट नसलेली हिरवी मिरची, लसणाची एकच पाकळी, तीही आतला हिरवा कोंब काढून. नाहीतर रात्रभर लसूणच बोलत राहतो. दोन मोठे चमचे शेरी व्हिनेगर, मीठ. सगळं बारीक झालं की शेवटी ऐंशी मिली ऑलिव्ह तेल, मिक्सर चालू ठेवून बारीक धारेनं. लाल रंग केशरी झाला की तेल नीट मिसळलं असं समजावं. फार वेळ फिरवलं तर कडवटपणा येतो. मग गाळायचं. आणि हे सगळं करण्याआधी टेबलावरच्या पत्रिका उचलून ठेवायच्या.

२३ तारखेच्या रात्री निकाल लागला, पण ही पाकिटं मोजली २८ ला. २३ लाख परदेशस्थांपैकी दहातल्या एकानंच मत दिलं होतं. तरी माद्रिदमधली एक जागा सांचेझ यांच्या समाजवाद्यांकडून पीपी या उजव्या विरोधी पक्षाकडे गेली: १२२ चे १२१, १३६ चे १३७. तोवर कातालोनियाच्या जुन्त्स पक्षाचे सात जण नुसते तटस्थ राहिले तरी पुन्हा पंतप्रधान व्हायला सांचेझ यांचं भागणार होतं. आता त्यांना त्या सातांचा ‘हो’ हवा झाला. तो मिळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. माद्रिदमध्ये नोंद असलेल्या कुणाच्या पाकिटानं हे केलं, ते कुणालाच कळायचं नाही.

बर्लिनमध्ये जुलैत सव्वानऊपर्यंत उजेड असतो. स्पॅनिश माणूस दहाला जेवायला बसतो आणि दहालाच शेजारच्यांची शांततेची वेळ सुरू होते. तेव्हा गाळणं-बिळणं आधी उरकावं. मिक्सर फार आवाज करतो.