गॉर्डन हॉल यांचे पाचारण

मिशनरी सेवेचे पाचारण कसे झाले, याच्या ज्या साक्षी आपल्या मंडळ्यांतून ऐकायला मिळतात, त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो: एखादी सभा, शास्त्रातील एखादे वचन, डोळ्यांत पाणी आणि त्यानंतर सर्व शंकांचा निरास. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक, पाळक गॉर्डन हॉल, यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे आणि त्यांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे, ते वाचताना मात्र हा साचा कुठेच लागू पडेना. त्यांचे पाचारण एका रात्रीत घडलेले दिसत नाही; ते त्यांनी आधी स्वतःला, मग पाठवणाऱ्यांना आणि शेवटी मुंबईच्या गव्हर्नरला पुन्हा पुन्हा पटवून द्यावे लागले, आणि त्या पटवून देण्यातच त्यांचे बरेचसे आयुष्य गेले.

हॉल यांचा जन्म १७८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टॉलंड या गावी झाला. अमेरिकन परदेशी मिशनची कथा सांगताना, विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी १८०६ मध्ये पावसापासून आडोसा म्हणून गवताच्या गंजीपाशी बसून प्रार्थना करत होते, तिथून सुरुवात करण्याची प्रथा आहे. त्या प्रार्थनेत हॉल नव्हते, ही गोष्ट व्यासपीठावरून क्वचितच सांगितली जाते. त्याच विद्यार्थ्यांनी १८०८ मध्ये स्थापन केलेल्या गुप्त मंडळात ते पुढे सामील झाले. हे मंडळ इतके गुप्त होते, की त्याचे नियम सांकेतिक लिपीत लिहिले होते. कारण समुद्रापलीकडे जाऊन सुवार्ता सांगण्याची कल्पना त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये पुष्कळांना वेडेपणाची वाटत असे, आणि बेत फसला तर त्याचा गवगवा होऊ नये अशी या मुलांची इच्छा होती.

दरम्यान हॉल यांना कनेक्टिकटमधील वुडबरी येथील मंडळीने पाळकपद देऊ केले. मंडळी चांगली होती आणि लोकांना त्यांची प्रवचने आवडली होती. नव्या पाळकाने याहून अधिक काय मागावे? त्यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की ज्यांची प्रकृती किंवा जबाबदाऱ्या परवानगी देत नाहीत असे लोक मायदेशात पाळक म्हणून राहतीलच. आपण मात्र जमिनीवर झोपू शकतो, भूक आणि कष्ट सोसू शकतो, तेव्हा आपण गेले पाहिजे. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. त्यात दृष्टान्त किंवा दिव्य वाणी यांचा उल्लेखही नाही. स्वतःच्या शरीराचा आणि परिस्थितीचा सरळ हिशेब मांडून त्यांनी आपले कर्तव्य ठरवले.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील टॅबरनॅकल मंडळीत पाच तरुणांचा दीक्षाविधी झाला. त्यांत हॉल यांच्यासोबत पुढे ब्रह्मदेशात गेलेले जडसन, तसेच न्यूएल, नॉट आणि राइस होते. हॉल आणि नॉट कलकत्त्याला पोहोचले तेव्हा अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध सुरू झालेले होते, आणि मिशनऱ्यांना आपल्या मुलखात वावरू देण्याची ईस्ट इंडिया कंपनीची मुळातच तयारी नव्हती. कलकत्त्याच्या सरकारने त्यांना इंग्लंडला परत पाठवण्याचा हुकूम काढला. दोघांनी मुंबईचे जहाज गाठले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईला उतरले; हुकूमही त्यांच्या मागोमाग आला.

पुढचे सुमारे वर्षभर जे चालले, ते या सगळ्या कथेतील मला सर्वांत रोचक वाटणारे प्रकरण आहे. तेव्हाचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे मनाने धार्मिक होते, पण वरिष्ठांचा आदेश डावलणे त्यांना अवघड जात होते. हॉल आणि नॉट एकदा गुपचूप कोचीनला निघून गेले, तेथून त्यांना पकडून पुन्हा मुंबईला आणण्यात आले. इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर त्यांची रवानगी व्हायची वेळ आली, तेव्हा हॉल यांनी गव्हर्नरला पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता, की आम्हाला घालवून देण्याची सत्ता आपल्यापाशी आहे हे आम्हाला मान्य आहे, परंतु न्यायाच्या दिवशी आपण आणि आम्ही एकाच न्यायासनासमोर उभे राहणार आहोत, तेव्हा या कृत्याचा जबाब आपण काय देणार याचा विचार करावा. परमुलखातल्या तिशीही न गाठलेल्या एका पाळकाने, ज्याच्या नावावर आधीच पळून गेल्याचा ठपका होता, सत्ताधाऱ्याला असे लिहावे, याला धाडस म्हणायचे की उद्धटपणा, हे मी वाचकांवर सोडतो. माझे मत धाडसाकडे झुकते. डिसेंबर १८१३ मध्ये त्यांची रवानगी थांबली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत बदल करून मिशनऱ्यांना परवान्याने येण्याची वाट खुली केली होती, हेही त्यांच्या पथ्यावर पडले.

राहण्याची परवानगी मिळाली, पण माणसे टिकेनात. कलकत्त्याहून हुसकावले गेलेले न्यूएल यांची पत्नी हॅरिएट हिचा मॉरिशसला वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच मृत्यू झाला होता; ते एकटे १८१४ मध्ये मुंबईत आले आणि १८२१ मध्ये पटकीने वारले. नॉट प्रकृती ढासळल्यामुळे १८१५ मध्येच परतले. हॉल यांनी मराठी शिकून घेतली आणि ते रस्त्यावर, बाजारात, देवळांच्या आवारात, जिथे चार माणसे उभी राहतील तिथे बोलू लागले. आज कुठे गेलो, किती माणसे जमली, त्यांनी काय विचारले, हे ते रोजनिशीत एखाद्या कारकुनाच्या चिकाटीने टिपून ठेवत.

हीच हिशेबी वृत्ती न्यूएल यांच्या साथीने लिहिलेल्या आणि १८१८ मध्ये अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका छोट्या पुस्तकात दिसते. जगात साठ कोटी लोकांपर्यंत सुवार्ता पोहोचलेली नाही. वीस हजारांमागे एक मिशनरी धरला तर तीस हजार मिशनरी लागतील. आणि अमेरिका व युरोपातील मंडळ्यांना ते सहज परवडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज हा त्रैराशिकाचा सोपेपणा खटकतो. ज्यांच्यामध्ये ते राहत होते, त्या लोकांच्या धर्माविषयी त्यांनी लिहिलेली काही वाक्ये तर मला, तिसऱ्या पिढीतील मराठी ख्रिस्ती माणसाला, वाचवत नाहीत. आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेत त्यांना अंधाराखेरीज काही दिसले नाही, आणि हा त्यांच्या दृष्टीतला दोषच होता. त्यांच्या निष्ठेचे कौतुक करताना तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१८१६ मध्ये त्यांनी मुंबईत राहणाऱ्या मार्गारेट लुईस या इंग्रज बाईंशी लग्न केले. १८२५ मध्ये मुलांच्या प्रकृतीसाठी बाईंनी दोन मुलांना घेऊन अमेरिकेची वाट धरली. हॉल यांनी सोबत जावे असे सुचवले गेले, पण मिशनवर माणसे अपुरी असल्यामुळे ते मागे राहिले. वाटेत समुद्रावरच एक मुलगा वारला. दुसरा पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थॅम्प्टन येथे पाळक झाला, पण वडिलांची आणि त्याची भेट पुन्हा कधी झाली नाही. मिशनऱ्यांच्या पाचारणाची किंमत त्यांच्या बायकामुलांनी किती चुकवली, हे विचारल्यावर आपल्याकडे बहुधा विषय बदलला जातो.

मार्च १८२६ च्या सुरुवातीला हॉल दोन ख्रिस्ती मुलांना बरोबर घेऊन, पुस्तके वाटत घाटावर गेले. नाशिकला पटकीची साथ जोरात होती. त्यांनी मायदेशी वैद्यक थोडेफार शिकून घेतलेले असल्यामुळे सोबतची औषधे ते रोग्यांना देत राहिले, आणि ती जवळजवळ संपल्यावर परतीला लागले. वाटेत एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर त्यांनी रात्र काढली. २० मार्चच्या पहाटे उठून निघण्याच्या बेतात असतानाच त्यांना पटकीने गाठले. उरलेले थोडेसे औषध घेतले, ते पोटात ठरले नाही. दुपारपर्यंत सर्व संपले. बरोबरच्या मुलांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून तिथेच मूठमाती दिली. वय एक्केचाळीस वर्षांचे होते.

तेरा वर्षांच्या सेवेत बाप्तिस्मे म्हणाल तर नगण्य झाले. १८१९ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हैदराबादचे कादिर यार खान हे त्यांतले एक. मुलांच्या शाळा निघाल्या, १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली, आणि मराठी नवा करार हॉल यांच्या मृत्यूच्याच वर्षी छापून पूर्ण झाला. परंतु त्यांना अमेरिकेहून पाठवणाऱ्या मिशन मंडळाच्या दृष्टीने ज्याला फळ म्हणावे, ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

एक फळ मात्र भलत्याच झाडाला लागले. छपाई जाणणारे मिशनरी बार्डवेल १८१६ मध्ये आल्यावर मिशनने मुंबईत छापखाना घातला आणि १८१७ पासून त्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. हा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्ये मराठीतले पहिले छापील पंचांग काढले. पुढे याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात छपाईचे खिळे घासणारे जावजी दादाजी निर्णयसागर छापखान्याचे मालक झाले, आणि तिथून संस्कृत काव्ये आणि धर्मग्रंथ ज्या देखण्या टायपात निघाले, त्याला तोड नव्हती. हॉल यांना हे मुळीच आवडले नसते. वीस हजारांमागे एक या त्यांच्या हिशेबात पंचांगाला कुठलाच रकाना नव्हता.