फोनवर बेस ऐकू येत नाही

सकाळी ग्रुपवर कोणीतरी आमच्या एका जुन्या शोचा व्हिडिओ टाकला, आणि दिवसभर तोच बघत बसलोय, कामं सगळी तशीच पडलीयेत. खाली नेहमीची रांग लागली, हात जोडलेले, मिस यू भावा, तुझी जागा कोणी घेऊ शकत नाही वगैरे. लोक मनापासूनच लिहितात, त्याबद्दल काही नाही, पण गंमत अशी की ज्याच्यासाठी व्हिडिओ टाकलाय तो आमचा गेलेला बेस गिटारवालाच त्यात ऐकू येत नाहीये. दिसतोय मस्त, माझ्या हाय-हॅटला, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेला, जवळजवळ चिकटून उभा, डोळे मिटलेले, बोटं चाललीयेत आणि आवाज शून्य.

कारण सोपं आहे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, लो ई, साधारण ४१ हर्ट्झची. फोनचा स्पीकर नखाएवढा, तो तिथपर्यंत उतरतच नाही, दोनतीनशे हर्ट्झच्या खालचं बरंचसं गायबच होतं. मग हेडफोन लावले तेव्हा आला बाबा. तिथेही गंमत आहेच, मूळ सूर अगदी पुसट असला तरी त्याच्या वरचे, ८२, १२३ असे पटीतले सूर कानावर पडले की खालचा सूर मेंदू स्वतःच भरून घेतो. नसलेला सूर ऐकू येतो. हे मला त्यानेच सांगितलेलं, प्रॅक्टिसमध्ये, भांडणाच्या आवाजात, कारण कोणीतरी म्हणालं होतं की तुझा बेस असला काय नसला काय कळतच नाही. त्याने काय करावं, पुढचं अख्खं गाणं हात खिशात घालून उभा राहिला. कळलं सगळ्यांना.

मी ड्रमर, त्यामुळे माझं आणि त्याचं नातं जरा वेगळं. गाणारा सगळ्यांचा असतो, बेसवाला ड्रमरचा असतो. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे आम्हाला आमचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, बंद पडला तरी मला चालायचं, मी त्याच्या टाचेकडे बघून वाजवायचो. तो किंचित मागे वाजवायचा, चुकून नाही, मुद्दाम, माझी किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, पडली की पाव श्वास थांबून त्याची नोट यायची आणि गाणं असं मागे रेलून बसायचं. आता जो मुलगा वाजवतो तो चांगला आहे, खरं सांगायचं तर जास्त नेमका आहे, क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, लावली तर काट्यावर बसतो. पण जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून बघितलं तर आमची सगळीच गाणी आता पळतात. कोणी ठरवलेलं नाही, मागे ओढणारा गेला एवढंच.

आणि ती स्नेअरची, म्हणजे खाली तारा ताणलेल्या ड्रमची, कटकट! त्याच्या एका ठरावीक नोटला माझ्या स्नेअरखालच्या तारा आपोआप झणझणायच्या, ड्रमला हात न लावता. सगळ्याच ड्रमरना हा ताप माहितीये, स्नेअरचं ट्यूनिंग बदला, तारा सैल करा, स्लो गाण्यात तारा सोडवणारा लिव्हर खाली पाडून ठेवा. मी त्याला वैतागून ती नोटच वाजवू नको म्हणायचो, तो हसून नेमकी तीच धरून ठेवायचा. नवीन मुलाच्या नोटलाही झणझणतं अर्थात, फिजिक्स माणूस बघत नाही.

मोठ्या बँडचं बरं असतं, त्यांना ठरवावं लागतं तरी. १९८० च्या सप्टेंबरात लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरात बँडने जाहीर करून टाकलं की आता पुढे नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला, त्यांनी नवा गायक घेतला आणि जुलैत अल्बम बाजारात, कव्हर दुखवट्याचं म्हणून काळं. लोक अजून वाद घालतात कोणाचं बरोबर. माझ्या मते दोघांचंही, ज्याला जे झेपलं ते. आमच्यासारख्यांना असं काही जाहीर करायचं नसतं, विचारतंय कोण. पुढचा शो घेतलेला असतो, ॲडव्हान्स आलेला असतो, कोणाला तरी फोन जातो, गाणी पाठवतो, येशील का. तो येतो, गेलेल्याच्या जागी उभा राहतो आणि दोन पावलं डावीकडे सरकून उभा राहतो. ही दोन पावलं मी प्रत्येक वेळी बघितलीयेत, कोणी सांगत नाही तरी.

साउंडवाले काका गेले तेव्हा एवढंही झालं नाही. आमच्या इथल्या निम्म्या बँडचा आवाज म्हणजे खरं तर त्यांचा आवाज. आधी गेन, म्हणजे आत येणारा आवाज, नीट लावा, फेडर, म्हणजे बाहेर जाणारा, नंतर बघू, हे पोरापोरांना ओरडून शिकवणारे ते. फीडबॅक, म्हणजे माइकची ती शिट्टी, सुरू झाला की बाकीचे स्लायडर शोधत बसतात, हे माइककडे बघून कुठली फ्रिक्वेन्सी ते सांगायचे. बातमी टाकताना फोटो हवा होता तर कोणाकडे नाही! एवढे शो, एवढे फोटो, पण कॅमेरे सगळे स्टेजकडे आणि काका कॅमेऱ्याच्या मागे. शेवटी एकात सापडले, पाठमोरे, हात मिक्सरवर. तोच लावला. त्यांच्या मिक्सरवरची कागदी चिकटपट्टी अजून तशीच आहे, चॅनल चारवर त्यांच्या अक्षरात ‘हा ओरडतो’. तो आमचा गायक.

आणि आमची कीबोर्डवाली, तीही गेली. तिच्याबद्दल नीट लिहायचंय कधीतरी, आज फक्त कामाचं लिहितो. तिचा जुना कीबोर्ड तिच्या बहिणीने आमच्याकडे दिलाय, घरात बघवत नाही म्हणाली. त्यात तिने स्वतः बनवलेले आवाज आहेत, वर्षानुवर्षं घासून घासून केलेले, नावं पण तिच्यासारखीच, ‘ढग’, मग ‘ढग २’, मग ‘खरा ढग’, एक नुसतं ‘हा नको’. एक आहे ‘ड्रमर हळू’, तो माझ्यासाठीच असणार, इतका बारीक आहे की मी जोरात वाजवलं तर ऐकूच येणार नाही.

तर मुद्दा असा की या जुन्या मशिनींमध्ये असे आवाज ज्या मेमरीत राहतात ती आतल्या एका नाण्याएवढ्या लिथियम सेलवर जिवंत असते. मशीन बंद असताना तो सेलच ते सगळं धरून ठेवतो. सेल संपला की कंपनीचे आवाज राहतात, तिचे जातात. आणि स्क्रीनवर आता ‘बॅटरी लो’ असा मेसेज यायला लागलाय. नुसता काढून नवा घातला तरीही गेलंच, आधी मिडीवरून, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या केबलवरून, सगळा डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागतो, मग सेल बदलायचा, मग परत आत भरायचा. गिटारवाला म्हणतो फाइल करून नुसती जपून ठेवू, दुसऱ्या कोणी वाजवायचे नाहीत. मला नाही पटत, ‘खरा ढग’ शिवाय ते तिसरं गाणं कसं सुरू करायचं? परत नव्याने बनवत बसायचं का? यावर आमचं बरंच वाजलं आज फोनवर, तो रडायला लागला म्हणून थांबवलं.

शनिवारी एक मित्र मिडी इंटरफेस घेऊन येतोय. केबल दोन्ही लागणार, इन आणि आउट, एकच सापडलीये. तोपर्यंत मशीनवर कागद चिकटवून ठेवलाय, उघडू नका, सेलला हात लावू नका, ‘बघतो जरा’ तर अजिबात करू नका.