घर आणि माइत

हरितालिकेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरची मोमोची गाडी बंद होती. गणपती दोन दिवसांवर आलेले, रस्त्यावर मखरं आणि झिरमिळ्या घेऊन निघालेल्या माणसांची ही गर्दी, म्हणजे धंद्याची ऐन वेळ. आणि बाईंनी स्टीमर पालथा घालून वर निळं प्लास्टिक बांधून टाकलेलं. शेजारचा वडापाववाला म्हणाला, "उद्या तीज आहे ना त्यांची. आज भावाकडं जेवायला गेली ती."

तिसऱ्या दिवशी गाडी उघडली तेव्हा मी विचारलंच. "दर खायला गेले होते ताई," ती म्हणाली. दर म्हणजे तीजेच्या आदल्या रात्रीचं माहेरचं जेवण. नेपाळात भाऊ किंवा वडील लेकीला घ्यायला येतात, तिला भरपेट खाऊपिऊ घालतात आणि दुसऱ्या दिवशी ती लाल साडी नेसून निर्जळी उपास करते, नाचते, गाते. गाण्यांत सासूची, नवऱ्याची यथेच्छ उणीदुणी. आपला भोंडला तरी दुसरं काय करतो? आणि हा उपास म्हणजे आपलीच हरितालिका, तीच भाद्रपद शुद्ध तृतीया. फरक एवढाच की आपण आदल्या रात्री काही करत नाही. थेट वाळूची पिंड आणि उपास. त्यांची सोय जास्त शहाणपणाची वाटली मला.

"भाऊ हडपसरला राहतो. तो इथं आहे म्हणून त्याचं घर माझं माइत."

"माइत म्हणजे माहेर?"

"हां, माहेर."

"मग सासरला काय म्हणता?"

"घर."

"अगं, सासरला गं."

"घरच म्हणतो ताई. बाईचं घर म्हणजे नवऱ्याचं घर. आईवडिलांचं ते माइत."

वाफेने तिच्या कपाळावरची टिकली घसरली होती, ती तिने मनगटाने वर सरकवली आणि पुढची प्लेट भरायला घेतली. मी मात्र तिथंच अडकले. आपल्याकडे सासरला निदान सासर म्हणायची सवलत आहे. तिथं भाषेनेच निकाल लावून टाकलाय. आणि माहेर हा शब्द तरी कुठला? मातृगृहाचं माहेर झालं म्हणतात. म्हणजे माय आणि घर, दोन्ही त्या एका शब्दात. नेपाळीत माहेरच्या घराला 'माइतीघर' म्हणतात, आणि या नावाचा एक सिनेमा आहे.

हे मला ठाऊक असण्याचं कारण आई. आईची आवडती नटी माला सिन्हा. नर्गिस, मीनाकुमारी या देव्हाऱ्यातल्या. माला सिन्हा शेजारच्या बिऱ्हाडातली, असं तिचं वर्गीकरण. "ती रडली की खरंच नाक लाल व्हायचं तिचं," हे आई काळ्यापांढऱ्या सिनेमांबद्दल सांगते, आणि आम्ही कोणी तिला हटकत नाही. 'प्यासा'मध्ये तिने गुरुदत्तला सोडून पैसेवाल्या प्रकाशकाशी लग्न केलं, एवढी एक गोष्ट आईने तिला अजून माफ केलेली नाही. पण मालाबाई बंगाली होत्या, हे मात्र आमच्या घरात सत्तर वर्षं गृहीत धरलेलं.

त्या बंगाली नव्हत्या. जन्म कलकत्त्याचा, १९३६चा, पण आईवडील नेपाळी ख्रिस्ती. नाव ठेवलं आल्डा. शाळेतल्या पोरी 'डालडा' म्हणून चिडवायच्या. वनस्पती तुपाच्या डब्याने एका मुलीचं नाव बदलायला लावलं, ही त्या काळातल्या जाहिरातींची ताकद! लहानपणी सिनेमात कामं करायला लागल्यावर ती बेबी नझमा झाली, आणि मग माला. पुढे गीता बालीने तिला केदार शर्मांकडे नेलं आणि १९५४पासून हिंदीत तिची गाडी लागली. आकाशवाणीची मान्यताप्राप्त गायिका होती ती, तरी १९७२च्या 'ललकार'चा अपवाद सोडला तर सिनेमात स्वतःसाठी कधी गायली नाही. एरवी पडद्यावर नुसते ओठ हलवायचे, आवाज बहुतेक लताबाईंचा किंवा आशाबाईंचा. गाता येणाऱ्या बाईला हे कसं वाटत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

हिंदीत तिला मिळालं काय, तर बहुतेक सासर. 'अनपढ'मध्ये निरक्षर म्हणून हिणवली जाणारी सून. 'बहूरानी'त भोळसट नवऱ्याची बायको. 'गुमराह'मध्ये मेलेल्या बहिणीच्या पोरांसाठी मेहुण्याशी लग्न लावून घेणारी, आणि मग जुना प्रियकर समोर उभा. 'धूल का फूल'मध्ये तर लग्नाआधीच मूल. फिल्मफेअरची नामांकनं तिला चारदा मिळाली आणि बाहुली चारही वेळा दुसरीकडे गेली. थेट २०१८ साली जीवनगौरव दिला. माझ्या मते हा अन्याय आहे. आईच्या मते तो गुन्हा आहे.

१९६५ साली ती 'हिमालय की गोद में' नावाच्या हिंदी सिनेमात होती. आणि पुढच्याच वर्षी खरोखरच हिमालयाच्या पायथ्याशी गेली. नेपाळी सिनेमा तेव्हा रांगत होता. पहिला नेपाळी बोलपट 'सत्य हरिश्चंद्र' १९५१चा, पण तो बनला कलकत्त्यात. नेपाळच्या भूमीवर तयार झालेला पहिला म्हणजे 'आमा', १९६४चा, तोही सरकारी खात्याने काढलेला. त्यात भुवन चंद नायिका होती. 'आमा' म्हणजे आई. त्यापाठोपाठ खासगी निर्मात्यांनी काढलेला पहिला सिनेमा 'माइतीघर', बी. एस. थापांनी दिग्दर्शित केलेला. आधी आई, मग माहेर. एखाद्या देशाने आपला सिनेमा सुरू करताना यापेक्षा सरळ क्रम काय लावावा!

या माहेरचं संगीत मात्र मुंबईचं. जयदेवांचं. गायला लता, आशा, उषा या तिन्ही बहिणी, शिवाय गीता दत्त आणि मन्ना डे. मंगेशीला माहेर म्हणणाऱ्या घरातल्या पोरी नेपाळी माहेराची गाणी गातायत, हे चित्र मला फार आवडतं. गाणी लिहिणाऱ्यांत एक नाव होतं एम. बी. बी. शाह. हे खुद्द राजे महेंद्र. राजाने गीतं लिहायची आणि लताबाईंनी ती गायची, असा थाट.

त्याच राजाने १९६०च्या डिसेंबरात निवडून आलेले पंतप्रधान बी. पी. कोइरालांना बडतर्फ करून तुरुंगात टाकलं होतं. 'माइतीघर' लागला तेव्हा ते आतच होते. स्वतः कथाकादंबऱ्या लिहिणारा माणूस. आठ वर्षं गेली त्यांची. सुटल्यावर हे घराणं भारतात आलं, आणि त्यांची नात काठमांडूत १९७०मध्ये जन्मली तरी शिकली बनारसला, आजीपाशी. ती नात म्हणजे मनीषा. तिचा पहिला सिनेमा १९८९चा, नेपाळी, 'फेरी भेटौंला'. म्हणजे 'पुन्हा भेटू'. इतकं बोलून ती मुंबईला आली, १९९१मध्ये 'सौदागर' केला आणि पुढची दहा वर्षं इथंच रमली. मनीषाबद्दल सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं, तो कर्करोग, ते न्यूयॉर्क, ते परत उभं राहणं. त्यामुळे तिला इथंच सोडते. मोमोवाल्या बाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "मनीषा कोइराला? हमारी है." माला सिन्हा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "नाही ऐकलं ताई. नेपाळी होती?"

तर माला सिन्हाने केलेला 'माइतीघर' हा तिचा एकुलता एक नेपाळी सिनेमा. नायक होते चिदंबरप्रसाद लोहनी, जमीनजुमल्याच्या खरेदीविक्रीचा व्यवसाय असलेले नेपाळी गृहस्थ. सिनेमा झाला आणि लवकरच या दोघांनी लग्न केलं. म्हणजे बघा, बाई आयुष्यात पहिल्यांदा आईवडिलांच्या भाषेत काम करायला, माहेर नावाचा सिनेमा करायला, माहेरच्या देशात गेली आणि येताना सासर घेऊन आली. नेपाळ तिचं माइत व्हायचं ते घर झालं. मोमोवाल्या बाईंच्या व्याकरणाप्रमाणे.

आणि ती त्या घरी राहिली का? नाही. नवऱ्याचा व्यवसाय काठमांडूत, हिचं शूटिंग मुंबईत. ती इकडे यायची, पडद्यावर डोक्यावर पदर घेऊन सासूचे टोमणे सोसायची, आणि खरं सासर डोंगरापलीकडे. १९९४पर्यंत ती पडद्यावर येत राहिली. त्या काळात असा दोन देशांतला संसार, तोही नायिकेचा, लग्नानंतरही नायिकाच राहिलेल्या बाईचा, याबद्दल मासिकांनी काय काय लिहिलं असेल! आईला विचारलं तर म्हणाली, "आम्ही नव्हतो वाचत तसलं." वाचायची. माळ्यावर गठ्ठे आहेत.

काठमांडूत सिंहदरबार आणि थापाथळीच्या मधे माइतीघर नावाचा चौक आहे. सिनेमावरूनच हे नाव पडलं, असं तिथं सांगतात. मधोमध गोल बाग केलीय, माइतीघर मंडला म्हणतात तिला. कुणाला सरकारविरुद्ध ओरडायचं असलं की माणसं तिथं फलक घेऊन उभी राहतात. मला हे अगदी पटतं. गाऱ्हाणं सांगायला माहेराशिवाय कुठं जाणार?

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आईला हट्टाने गाडीवर नेलं. गौरीच्या पुरणानंतर मोमो! पण मोमोवाल्या बाईंनी "या आमा" म्हणून प्लास्टिकचं स्टूल पुसून दिलं, आणि आई बसली. तिचं सगळं लक्ष बाईंच्या बोटांकडे. पारी डाव्या तळव्यावर, सारण मधे, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी चिमटे घेत घेत गोल फिरतायत. आई मनात मोजत होती हे मला कळत होतं.

"किती कळ्या घालतेस गं?"

बाईंना कळेना. मी म्हटलं, "चुण्या, चुण्या."

"मोजत नाही आमा. हात थांबला की झालं."

"मोदकाला मोजाव्या लागतात," आई म्हणाली, पण आवाजात जरब नव्हती. एक कच्चा मोमो तिने हातात घेऊन उलटा करून पाहिला. "उकड नाही ही. मैदा आहे. म्हणून जमतं."

मी मोबाइलवर 'माइतीघर'मधलं लताबाईंचं गाणं शोधून काढलं आणि स्टीमरच्या बाजूला टेकवून ठेवलं. रहदारीत नीट ऐकू येत नव्हतं. पण पहिल्या ओळीच्या दुसऱ्याच शब्दाला आईची मान वर झाली. "लता!" मग डोळे बारीक करून तिने आणखी थोडं ऐकलं. "पण मेलं एक अक्षर कळेल तर शपथ."

मोमोवाल्या बाई झाकण हातात धरून थांबल्या होत्या. झाकणातून वाफेचं पाणी टपटप गाडीच्या पत्र्यावर पडत होतं. "मला सगळं कळतंय," त्या म्हणाल्या, आणि मग घाईघाईने, "आमा, चटणी तिखट चालेल?"