धोटा, ट्यूबलाइट आणि गेलेली लाइट

"साहेब, तिथं उभारू नका. धोटा उडाला तर बरगडीत बसंल," एका कामगाराने हटकलं.

सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागांवर माहितीपट करत होतो. कॅमेरा मागाच्या टोकाला, धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, थेट रेषेत लावला होता. धोट्याला धक्का देणारा पिकर झिजला किंवा ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटून गुंतले की धोटा टोकाच्या पेटीत न शिरता बाहेर सुटतो, आणि तो नेमका त्याच बाजूला. स्टँड उचलून समोर, कापडाच्या बाजूला नेला. तिथून धागे ठोकणारी फणीही चांगली दिसते.

मला हवा होता तो टॉवेलवर फासे, म्हणजे धाग्यांचे वेढे, उभे राहतात तो क्षण. या मागावर ताणा गुंडाळलेले दोन रूळ, म्हणजे बीम, असतात. खालच्या कापडाचा ताणा ताठ, फाशांचा सैल. फणी पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, कापडापासून थोडे अलीकडेच सोडते. तिसऱ्या बाण्याला तिन्ही एकदम पुढे ठोकते. ताठ धाग्यांवरून बाणे घसरतात, सैल ताणा मात्र त्यांच्यासोबत ओढला जातो आणि त्याचे फासे वर येतात. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही.

कॅमेऱ्यालाही सहजी दिसत नाही. धोटा सेकंदाला दहा-बारा मीटर जातो. शटर १/५० सेकंद ठेवलं तर एका फ्रेममध्ये तो वीतभर सरकतो, नुसता पट्टा उमटतो. १/१००० ठेवलं तर सेंटिमीटरभरच. पण शेडमध्ये जुन्या चोकच्या ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते आणि वेगवान शटरला ते लगेच सापडतं. त्यात आमच्या सहाय्यकाने कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम, १/६० शटरवर ठेवलेला, ट्यूबच्या लयीशी न जुळणारा. छोट्या स्क्रीनवर कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर पाहिलं तर सकाळच्या सगळ्या शॉट्समधून काळ्या पट्ट्या सरकत होत्या. अर्धा दिवस गेला. पुन्हा सुरुवात केली ती साध्या शॉट्सना २५ फ्रेम, १/५० वर. धोट्यासाठी डोक्यावरच्या दोन ट्यूब बंद करून बॅटरीचे एलईडी लावले. स्वस्त एलईडी डिम केले की तेही लुकलुकतात, म्हणून ते पूर्ण उजेडावर ठेवून मागे-पुढे सरकवले.

लिंट, म्हणजे हवेत उडणारे कापसाचे तंतू, हा वेगळाच ताप. तासाभरात काचेवर कापसाची साय धरते. फडक्याने पुसली की ओरखडे पडतात, फुंकणीनेच उडवायची. कॅमेऱ्याच्या पंख्याची जाळीही.

आवाजाचा प्रश्न मात्र उपकरणाने सुटत नाही. अगदी हळू ते मोठा, सगळा आवाज पकडणारा ३२ बिटचा रेकॉर्डर घेतला तरी मागाच्या खटखटाटाखाली गेलेलं बोलणं वर येत नाही. कामगार एकमेकांशी ओठ आणि हातवारे वाचूनच बोलतात. मुलाखत बाहेर अंगणात घ्यायचं ठरवलं होतं.

चारच्या सुमारास लाइट गेली. सगळे माग एका दमात थांबले. धोट्यात बसणारी धाग्याची कांडी भरणाऱ्या बायकांच्या बांगड्या ऐकू आल्या. मी रेकॉर्डर चालू केला, आधी मिनिटभर नुसत्या शेडचा आवाज घेतला, मग चार माग सांभाळणाऱ्या त्या कामगाराला विचारलं, आता काय करणार?

"जिथं थांबलाय तिथंच चाकानं बाणा शोधायचा. नाहीतर कापडावर पट्टी येती, मग माल परत."

बोलला ते एवढ्या मोठ्याने की रेकॉर्डरचा मीटर लाल झाला. शेडमध्ये बोलायची सवय. लेव्हल निम्मी केली, तेच पुन्हा विचारलं. अकरा मिनिटं मिळाली. मग कोपऱ्यातला एक माग सुरू झाला, त्याच्यामागोमाग दुसरा.