पाठमोरं उतरणं

मे महिन्यात नागपूरला रात्री एक वाजताही भिंती तापलेल्या असतात. नाकात कूलरच्या वाळ्याचा वास आणि मोबाइलवर बर्फ, असं सध्या माझं चाललंय. फिगर स्केटिंग बघते. एरवी आमचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता.

परवा जपानच्या युझुरू हान्यूची जुनी चित्रफीत लागली. नोव्हेंबर 2014, शांघाय. भूमिका ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतनाटकातल्या मुखवटेवाल्याची. क्रिस्टीनला गाणं शिकवतो, तिच्यावर जीव टाकतो, आणि तिचं मन राऊलकडे. रंगमंचावर हे त्यामानाने सोपं. कॉलेजच्या एकांकिकेत मीही अशी एक झुरणारी पोरगी केली होती. समोरच्याने मान फिरवली की माझे डोळे आपसूक भरायचे. अर्धा अभिनय त्याच्या मानेचाच होता म्हणा ना.

बर्फावर ती मान नसते. साठ बाय तीस मीटरचं पांढरं मैदान, त्यात एकटा माणूस. क्रिस्टीन कुठे उभी आहे, हे त्याच्या नजरेनेच ठरवायचं. त्यात पायाखालचं पातं! त्याच्या तळाला पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा. एका धारेवर झुकलं की वाट वळलीच. म्हणजे हात तिच्याकडे आणि पाय त्याला वळसा घालून भलतीकडे नेतायत. हे कुठल्या दिग्दर्शकाला सुचलं असतं?

उड्यांचं तर मला फारच गंमतीचं वाटतं. सहा प्रकारच्या उड्या, त्यातली फक्त अ‍ॅक्सेल समोर तोंड करून सुरू होते. उतरायचं मात्र सगळ्यांनी पाठमोरं, एका पायावर. हवेत तीन गिरक्या घ्या की चार, जमिनीला लागताना तोंड जिथून निघालो तिकडेच. ज्याने कधी नकार पचवलाय त्याला हे वेगळं समजवायला नको.

1988 साली कॅलगरीच्या ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीची काटारिना विट ऑपेरातली कार्मेन झाली आणि शेवटी बर्फावर मरून पडली. सुवर्णपदक मिळालं. तिच्यावर सुरा चालवणारा झिडकारलेला प्रियकर मैदानात नव्हताच.

आमच्या रामटेकचा यक्ष या सगळ्यांपुढे सुखीच म्हणायचा. वर्षभराचा विरह, पण तिकडे अलकेत कोणीतरी दिवस मोजत बसलंय, याची खात्री होती त्याला. ढगाकडे निरोप द्यायला पत्ता तरी होता.

शांघायला त्या दिवशी सरावाच्या सहा मिनिटांत हान्यूची चीनच्या हान यान या स्केटरशी जोरदार टक्कर झाली. डोक्याला पट्टी बांधून तो उतरला आणि पाच वेळा पडला. तेव्हा प्रत्येक पडण्याला एक गुण कापला जायचा, तरी रौप्यपदक मिळालं. त्याला उतरू द्यायलाच नको होतं, असं माझं मत. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराचं कसलं आलंय शौर्य! पण मत एकीकडे आणि डोळे एकीकडे. तो उठायचा, पुन्हा त्याच कोपऱ्याकडे हात करायचा. त्यात बसवलेलं किती आणि न बसवलेलं किती, ते मला वेगळं काढता येईना. तिसऱ्यांदा बघितलं तरी येईना.

तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागली.

“कोण हाय वं हा? किती पडून राहिला बाप्पा!”

“त्याचं एका मुलीवर प्रेम आहे, आई. तिचं दुसऱ्यावर.”

आईने चष्मा शोधून आणला, मोबाइल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

“अन् ते पोरगी कुठी हाय?”

“नाहीच आहे.”

“मंग हा पाहून कोणाकडे राहिला?”

मी उत्तर जुळवत होते. तिने मोबाइल परत दिला.

“कूलरातलं पाणी सरलं वाटते. आवाज पाहाय कसा येऊन राहिला.”

मी बादली घेऊन उठले.