तुम्ही विचारलंत म्हणून: इटली आणि एक कादंबरी

मी इटालियन शिकवते हे कळलं की हमखास प्रश्न येतो, ‘गॅरिबाल्डीने लढून इटली एक केली ना? मग तुम्ही सारखं एका कादंबरीचं नाव का घेता?’

लढायांनी राज्य एक झालं, १८६१ मध्ये. पण तेव्हा इटालियन बोलता येणारे किती होते? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज जेमतेम अडीच टक्क्यांचा; कुणी फार ताणून दहापर्यंत नेतात. बाकीचे मिलानी, सिसिलियन, नापोलीची अशा आपापल्या बोलीत जगत होते. इटालियन होती ती दांते, पेत्रार्क या जुन्या कवींच्या पानांत.

आलेस्सांद्रो मान्झोनी मिलानचा. बोलायला मिलानी नाहीतर फ्रेंच. त्याची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाग्दत्त वधूवर’, १८२७ मध्ये पुरी छापून झाली आणि गाजली. त्याच वर्षी तो फ्लोरेन्सला गेला, तिथली बोलती भाषा कान देऊन ऐकली आणि गाजलेली कादंबरी पुन्हा लिहायला बसला. फ्लोरेन्सच्या आर्नो नदीत कपडे खळबळून काढायचे, असं तो म्हणायचा; कपडे म्हणजे आपली भाषा. घरी एमिलिया लूती नावाची फ्लोरेन्सची शिक्षिका होती, तिला विचारून विचारून शब्द ठरवले. नवी आवृत्ती आली १८४० ते ४२ मध्ये.

वर्गात मी दोन्ही आवृत्त्यांची पानं शेजारी ठेवते. पहिलीत ‘तो’साठी पुस्तकी ‘एल्यी’. दुसरीत ठिकठिकाणी तोंडातला ‘लुइ’. आपल्याकडे ‘केलें’चं ‘केलं’ झालं, तसंच. एवढ्याशा शब्दावर माझं बोट थांबतं. एक मोठा लेखक आपल्या वाक्यातून पुस्तकीपणा खरवडून काढतोय, कशासाठी, तर अजून जन्मायच्या देशाला बोलता यावं म्हणून!

ती भाषा घराघरांत नेली शाळांनी, सैन्यातल्या नोकरीने आणि १९५४ पासून टीव्हीने. त्यात बोलींची फार हानी झाली, कितीतरी मुलांना आजीच्या बोलीची लाज वाटायला शिकवलं गेलं. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी कादंबरीतल्या लुचियाचा, म्हणजे त्या वाग्दत्त वधूचा, निरोपाचा उतारा वाचताना दर वेळी गळा दाटतो. रेशमाच्या गिरणीत राबणारी ही मुलगी रात्री होडीतून गाव सोडते आणि मनातल्या मनात डोंगरांचा निरोप घेते, नितळ इटालियनमध्ये. खरी लुचिया तशी बोललीच नसती. मान्झोनीला ते ठाऊक होतं. उताऱ्याखाली त्यानेच लिहून ठेवलंय की लुचियाच्या मनातले विचार अगदी हेच नसले, तरी याच जातीचे होते.