एकाच डोळ्यातला मोतीबिंदू

वय ३४. मधुमेह नाही, डोळ्याला कधी मार लागलेला नाही, स्टिरॉइडची औषधं घेतलेली नाहीत. तरी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि उजवा डोळा अगदी स्वच्छ. डॉक्टरांनी हे सगळं खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख नंतर ठरवू. आधी हा का झाला ते शोधू या." मी आज त्यामुळेच निर्धास्त आहे.

त्या डोळ्याचा तिरका नंबर काही महिने सारखा बदलत होता. ड्रॉप्स घालून बाहुली मोठी केल्यावर दिसलं, की भिंग सगळं गढूळ नव्हतं, खालचा एक कोपराच गढूळ होता. नेमक्या त्याच बाजूला डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फुगलेल्या रक्तवाहिन्या होत्या.

बुबुळामागे सिलिअरी बॉडी नावाचं एक कडं असतं. डोळ्यातलं पाणी तिथे तयार होतं, भिंगही तिथूनच बारीक तंतूंनी तोललेलं असतं. तिथली गाठ बुबुळाआड लपून वाढते आणि भिंगाला रेटते. भिंग कलतं म्हणून नंबर बदलतो, आणि जिथे दाब पडतो तिथे मोतीबिंदू धरतो. काही गाठी साध्या असतात, काही कर्करोगाच्या. लहान मुलांत मेड्युलोएपिथेलिओमा नावाची वेगळीच गाठ होते. हे सगळेच प्रकार दुर्मीळ.

यूबीएम, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाची सूक्ष्म सोनोग्राफी झाली आणि माझी गाठ दिसली. मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. डोळ्यापेक्षा लिव्हरच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतचा काळ मला जड गेला, कारण हा आजार पसरला तर बहुतेकदा आधी तिथेच पोचतो. रिपोर्ट चांगला आला.

गाठ फार जाड नव्हती, म्हणून रुथेनियम-१०६ या किरणोत्सर्गी धातूची छोटी वाटीसारखी चकती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, गाठीच्या वरच टाके घालून बसवली. रेडिएशनचा ठरलेला डोस पूर्ण झाल्यावर ती काढली. दुखलं कमी, खुपलं जास्त. डोळा वाचला याचा आनंद मात्र शब्दांत मावत नाही.

रेडिएशनने मोतीबिंदू आणखी वाढेल हे आधीच सांगितलं होतं, तसा तो वाढला. गाठ आक्रसून स्थिर झाल्यावरच भिंग बदललं. आता डाव्या डोळ्यानेही वाचता येतं. लिव्हरची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी चालू आहे, आणि ती पुढेही चालू राहणार.